मे महिन्यात वाळवंट बघायचंय? आधी रात्रीचं तापमान विचारा

नमस्कार.

शाळांना सुट्टी लागली की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या छोट्या सहल-कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो: “या महिन्यात जैसलमेर होईल का हो?” मुंबई-पुण्याची भावंडं आलेली असतात, मुलं घरात कंटाळलेली असतात, आणि बडोद्यातच पारा ४२-४३ ला टेकलेला असतो. मग लोकांना वाटतं, ऊन इथंही आहे नि तिथंही आहे, वाळूत जायला काय हरकत आहे?

प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर काउंटरवर पाच मिनिटांत देता येत नाही, म्हणून हे पत्रक. तिकिटं काढण्याआधी घरी सगळ्यांनी मिळून वाचा.

आम्ही ग्राहकाला ठिकाणाचं दिवसाचं तापमान नंतर सांगतो, रात्रीचं आधी. दिवसाचं ऊन टाळता येतं. पहाटे फिरावं, दुपारी खोलीत पडावं, संध्याकाळी पुन्हा निघावं. रात्र मात्र टाळता येत नाही. दिवसभर तापलेलं शरीर रात्रीच निवतं, आणि रात्रही गरमच गेली तर दुसऱ्या दिवशीचं ऊन दुप्पट लागतं. सहलीत माणसं आजारी पडतात ती बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पहिल्या नाही. हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

“वाळवंटात रात्री गार होतं ना?” असंही विचारतात. होतं, पण ते जानेवारीत. कोरडी हवा आणि निरभ्र आकाश असलं की वाळू उष्णता झपाट्यानं सोडते, हे खरं. तरी मे महिन्यात जैसलमेरला दिवसाचे ४२ उतरून पहाटे २६-२७ वर येतात, वाईट दिवसांत त्याच्याही वरच थांबतात. शिवाय तुम्ही झोपणार दगडी इमारतीत. पिवळा दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ओकतो. वरच्या मजल्याच्या खोलीत रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावून बघा, चहाच्या किटलीला लावल्यासारखा वाटतो.

थरच्या वाळवंटात ऊन कुठवर जातं त्याचा एकच दाखला देतो. जोधपूर आणि जैसलमेरच्या दरम्यान फलोदी नावाचं गाव आहे. तिथं १९ मे २०१६ ला ५१.० अंशांची नोंद झाली. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात येतो, तेव्हापासूनच्या नऊ दिवसांना राजस्थानात नौतपा म्हणतात, आणि तिथली माणसंसुद्धा त्या दिवसांत दुपारची बाहेर पडत नाहीत. ज्यांचा जन्म त्या उन्हात गेला ते घरात बसतात, हे पाहुण्यानं लक्षात घ्यावं.

आता आमची एक चूक सांगतो, कारण हे पत्रक तिच्यामुळेच लिहायला लागलो. काही वर्षांपूर्वी मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौदा जणांची सहल नेली. वेळापत्रक आम्हीच आखलेलं. सूर्यास्तासाठी ठरवलेल्या, सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर गाडी दुपारी अडीचलाच जाऊन उभी राहिली, कारण मधल्या वेळात जैसलमेरात थांबायची खोलीच आम्ही ठेवली नव्हती. एक आजोबा “जरा बघून येतो” म्हणून उतरले. रबरी चपलेचा तळवा मऊ पडून पावलाखाली सरकायला लागला. दुपारी वाळूचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर सहज जातो, हे आम्हाला तेव्हा फक्त वाचून माहीत होतं. आजोबा वीस पावलं गेले, परत आले, आणि गाडीत बसल्यावर घरच्यांना ओळखीनात. बोलणं अडखळत होतं, कातडी तापलेली आणि कोरडी. ओली चादर, पंखा, काखेत आणि मानेवर बर्फ, आणि तडक जैसलमेरचं रुग्णालय. ते बरे झाले, अजूनही दिवाळीला फराळाचा डबा पाठवतात. पण ते चाळीस मिनिटं आम्ही विसरलेलो नाही. त्या दिवसापासून आमच्या कोणत्याही उन्हाळी सहलीत सकाळी साडेदहा ते संध्याकाळी पाच या वेळात छपराबाहेरचा कार्यक्रम नसतो. कोणी कितीही आग्रह केला तरी नसतो.

कोरडी हवा फसवते कशी, तेही समजून घ्या. बडोद्यात घाम अंगावरून ओघळतो, सदरा भिजतो, म्हणून आपल्याला तहान आठवते. थरमध्ये घाम येतो तसाच उडून जातो. माणूस म्हणतो, “बघा, इथं घामच येत नाही.” संध्याकाळी काळा टी-शर्ट काढला की पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसतात, तेव्हा कळतं किती पाणी गेलं ते. आणखी एक. हवा आपल्या कातडीपेक्षा जास्त गरम झाली की नुसता वारा गारवा देत नाही, उलट तापवतो. म्हणून ४४ अंशांत गाडीची काच उघडून “हवा घेणं” म्हणजे तंदुराचं तोंड उघडणं. लू म्हणतात तो हाच तापलेला वारा. आजी खिशात कांदा ठेवायला सांगत असेल तर जरूर ठेवा, तिचं मन राखलं जातं. पण जीव राखायला पाणी, मीठ आणि सावली लागते. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात, अर्ध्या ग्लासात नव्हे. पन्हं आणि मीठ घातलेलं ताकही चांगलं. लघवी गडद पिवळी झाली तर तहान लागण्याची वाट बघू नका.

मग मे महिन्यात वाळवंट नकोच का? हवं. फक्त कुठलं वाळवंट, हे घरातल्या सगळ्यात नाजूक माणसाकडे बघून ठरवा.

घरात सगळे धडधाकट असतील, मुलं दहा-बारा वर्षांच्या वरची असतील आणि मन थरमध्येच अडकलं असेल, तर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जा. मेमध्येच जायचं असेल तर दोनच रात्री, आणि जैसलमेर शहराला धरून. सकाळी सहाला सोनार किल्ल्यात शिरायचं. ११५६ मध्ये वसलेल्या या किल्ल्यात आजही माणसं राहतात, आणि त्या वेळी ती दारापुढं पाणी शिंपडत असतात. गल्ल्या इतक्या अरुंद की आठपर्यंत जमिनीवर ऊन पोचत नाही. मग पटव्यांच्या हवेल्या. जाळीच्या झरोक्याशी उभं राहून हाताचा तळवा पुढं धरा. दगडाच्या बारीक भोकांतून येणारी झुळूक बाहेरच्या वाऱ्याहून मऊ लागते. जाळी ऊन गाळते आणि हवा आत घेते, आणि हे काम तिथल्या कारागिरांनी दोनशे वर्षांपूर्वी विजेशिवाय करून ठेवलं आहे. मे महिन्यात गेलेल्या माणसाला ती हवेली जेवढी कळते तेवढी डिसेंबरात गेलेल्याला कळत नाही, असं आमचं प्रामाणिक मत आहे. साडेदहाला खोलीत परत. समच्या टेकड्यांवर फक्त सूर्य कलल्यावर. तंबूतला मुक्काम मात्र आम्ही मेमध्ये विकत नाही. बरेच कॅम्प त्या दिवसांत बंद असतात, आणि उघडे असले तरी आंधी आली तर कापडाचं छप्पर कामाचं नाही.

कच्छच्या पांढऱ्या रणाबद्दलही खूप विचारणा होते. ते फोटो असतात हिवाळ्यातले. रणोत्सव आणि धोरडोची तंबूनगरी हिवाळ्याची. मेमध्ये मीठ दिसतं, पण त्यावरून परतणारा उजेड डोळ्यांत सुया टोचतो, आणि पावसाळ्यात तिथं पाणी भरतं. ते पाणी आटून मीठ वर यायला थंडी उजाडते. पौर्णिमेच्या रात्रीचं रण हवं असेल तर डिसेंबर-जानेवारीचं आरक्षण दसऱ्याआधी करा, आणि उन्हाळ्याचे पैसे दुसरीकडे लावा. धोलावीराही तेव्हाच बघा. २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या त्या हडप्पाकालीन नगरातले पाण्याचे हौद बघायला डोक्यावर शांत ऊन हवं. छोट्या रणातली घुडखरं, म्हणजे रानगाढवं, बघायला मेच्या पहाटे जाता येतं, १५ जूनच्या सुमारास ते अभयारण्य चार महिने बंद होतं. तिथं मीठ पिकवणाऱ्या अगरियांची कुटुंबं उन्हाळ्यातही मिठाच्या आगरात उभी असतात. त्यांचे फोटो काढण्याआधी विचारा आणि त्यांच्या पाण्याच्या टाकीला हात लावू नका. ते पाणी टँकरनं येतं.

सुट्टी मेच्याच शेवटी आणि वाळूही हवीच, असा हट्ट असेल तर आमचं पहिलं बोट लडाखकडे. लेहला वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे जैसलमेरहूनही कमी. हिमालय मोसमी ढग अडवतो, म्हणून पलीकडं वाळवंटच आहे, फक्त थंड. मेअखेर दिवसा विशीच्या आसपास, रात्री पाच-सहा अंश. नुब्रा खोऱ्यात हुंदरला वाळूच्या टेकड्या आहेत, दोन वशिंडांचे उंट आहेत आणि टेकडीच्या पायथ्याशीच ओढा आहे. वाळूवर अनवाणी चाललं तर तळव्याला कोमट लागतं, आणि तेच पाय ओढ्यात घातले की मिनिटभरात बधिर होतात. मागं दिस्कितचा मठ, त्याच्याही मागं बर्फ. आमच्याकडून गेलेल्या एका मावशींनी परत आल्यावर सांगितलं, “वाळू बघताना शाल पांघरली होती, हे कुणाला खरं वाटणार?”

पण लडाखचा धोका वेगळा आहे: उन्हाचा नव्हे, उंचीचा. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. बडोद्याहून दिल्लीमार्गे विमानानं उतरलात की पहिले ४८ तास काहीही करायचं नाही. जेवायचं, पाणी प्यायचं, पडून राहायचं. बाजार नाही, शांती स्तूप नाही. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं इथवर सौम्य. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर लगेच डॉक्टर आणि खाली उतरणं. नुब्राला जाताना खारदुंग ला ओलांडावा लागतो. पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असतं, प्रत्यक्ष मोजणीत तो सुमारे ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या आसपास भरतो. आकडा कुठलाही घ्या, तिथं पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी शेजाऱ्यानं सुचवली म्हणून घेऊ नका. आणि घरातला एक तरी मोबाइल पोस्टपेड असू द्या, बाहेरचं प्रीपेड सिम तिथं चालत नाही.

स्पितीही तसंच थंड वाळवंट. सिमल्याकडून किन्नौरमार्गे हळूहळू चढत गेलं की शरीराला सवय होते, म्हणून साठीतल्या पण हिंडत्याफिरत्या लोकांना आम्ही कधी कधी लेहऐवजी हेच सुचवतो. ताबोचा मठ ९९६ सालचा आहे, मातीच्या भिंती आणि आत हजार वर्षांची चित्रं. रस्ता मात्र कंबर मोडतो.

दहा दिवस नाहीत, चारच आहेत, आणि आजी सोबत आहेत? अबूला जा. ते वाळवंट नाही, पण वाळवंटाच्या उंबऱ्यावरचा डोंगर आहे. साधारण १,२०० मीटर उंची, मेमध्ये बडोद्याहून सात-आठ अंश कमी, रात्री झोप लागते, आणि अबू रोडला थेट गाडी आहे.

बडोद्यातल्या कितीतरी घरांतली मुलं अमेरिकेत आहेत. आईवडील जुलैत जातात आणि लास व्हेगासहून डेथ व्हॅलीचं वाळवंट गाठायचा बेत होतो. कृपा करून मुलांना हे दाखवा: १० जुलै १९१३ ला तिथं ५६.७ अंश नोंदले गेले, पृथ्वीवरचा अधिकृत उच्चांक तोच. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर खालच्या भागात पायी फिरू नका, असं तिथलं उद्यान खातंच सांगतं. मोबाइलला बहुतेक ठिकाणी जोडणी नाही. हवा फार तापली की विरळ होते आणि बचावाचं हेलिकॉप्टरही उडू शकत नाही. त्यापेक्षा व्हेगासहूनच ब्राइस कॅन्यनला न्या. तेही तांबड्या दगडांचंच, पण अडीच हजार मीटरच्या आसपास, म्हणून संध्याकाळी स्वेटर लागतो.

दुबई उन्हाळ्यात स्वस्त मिळते, कारण ऊन फार असतं. इतकं, की १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांना काम देण्यास तिथं कायद्यानं बंदी असते. मॉल बघायचे असतील तर जा. वाळवंट बघायचं असेल तर नोव्हेंबर.

खर्चाची तयारी असेल तर विषुववृत्ताच्या खाली बघा. आपला मे-जून-जुलै म्हणजे तिकडं हिवाळा. नामिबियातल्या सोसुसव्लेईच्या तांबड्या टेकड्या, डेडव्लेईतली शेकडो वर्षं वाळून उभी असलेली काळी झाडं, ऑस्ट्रेलियातला उलुरू: जुलैत तिथं दिवसा वीस अंश, रात्री चार-पाच. उलुरूवर चढायला ऑक्टोबर २०१९ पासून बंदी आहे, तो तिथल्या मूळ लोकांचा पवित्र खडक आहे. पायथ्याची प्रदक्षिणा करता येते, आणि आम्हाला तीच जास्त भावते.

आमचा नियमही सांगून ठेवतो. मैदानी भागात हवामान खातं ४५ अंशांना उष्णतेची लाट म्हणतं आणि ४७ ला तीव्र लाट. तुम्ही जाणार त्या जिल्ह्याला निघण्याच्या दोन दिवस आधी रेड अलर्ट लागला तर आम्ही तारीख पुढं ढकलतो आणि आमची सेवाफी त्या सहलीसाठी जमा धरतो. हॉटेल नि तिकिटांचे नियम त्यांचे त्यांचे, ते आरक्षणाच्या वेळी मराठीत समजावून सांगू.

कार्यालयात येताना घरच्या सगळ्यांची वयं आणि रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन या. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जास्त जातं, ते आम्हाला माहीत असलं तर मुक्काम त्याप्रमाणे ठरवता येतात. इन्सुलिन घेणारं कोणी असेल तर आवर्जून सांगा. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली कुपी उन्हानं वाया जाऊ शकते, म्हणून थंड राहणारी छोटी पिशवी आम्ही निघण्याच्या दिवशी हातात देतो. ती परत आणून द्यायची आहे, पुढच्या कुटुंबाला लागते.