ओकायामात कुणाच्या घरी राहायला जाण्याआधी एवढं वाचून घ्या

पुण्यात सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान तुम्ही पाहिलंच असेल. ते ज्या बागेवरून केलंय ती कोराकुएन जपानच्या ओकायामा शहरात आहे, १७०० साली पूर्ण झालेली. आमची होमस्टे ट्रिप त्याच भागातली, ओसाकाहून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, साधारण पाऊण तास. तुम्ही राहणार एका कुटुंबात, बहुतेक वेळा वयस्कर जोडपं, भातशेती नाहीतर पीच-द्राक्षांची बाग, इंग्रजी जेमतेम. मोबाईलवरच्या ट्रान्सलेट अ‍ॅपवर गप्पा मारायच्या, आणि खरं सांगतो, त्या मस्त रंगतात.

सगळ्यात जास्त विचारलं जातं ते म्हणजे व्हेज मिळेल का. मिळेल, पण "मी व्हेज आहे" एवढं सांगून भागत नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, म्हणजे कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि सुकवलेल्या बोनिटो माशाच्या पातळ चकत्या यांचं पाणी, आणि ते मिसो सूपमध्ये असतं, भाजीत असतं, टेम्पुरा म्हणजे तिथल्या भज्यांबरोबरच्या पातळ सॉसमध्येपण असतं, त्यामुळे ताटात मासा दिसत नसला तरी तो असतोच आणि घरच्या बाईला त्यात काही वेगळं वाटतही नाही. नुसत्या कोंबूची किंवा सुक्या शिताके मशरूमची दाशीही छान होते, फक्त आधी सांगावं लागतं, कारण बाजार तुम्ही यायच्या आधीच झालेला असतो. म्हणून फॉर्ममध्ये अंडं, मासा, दाशी, कांदा-लसूण हे सगळं वेगवेगळं विचारलंय, प्लीज "चालेल काहीही" लिहू नका.

जैन मंडळींनी कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध तीर्थक्षेत्राची एक रात्र जोडून घ्यावी असं आमचं मत. तिथल्या देवळांमध्ये मुक्काम करता येतो, जेवण शोजिन र्‍योरी, म्हणजे मांस-मासे नाहीत आणि कांदा-लसूणही नाही. मुळा, कमळकाकडी मात्र असते, तेवढं आधी कळवा.

बर्‍याच घरांत स्वयंपाक तुम्हाला बरोबर घेऊनच होतो. हौस असतेच, पण पाहुण्यांना जेवण करून विकायला तिकडे वेगळा परवाना लागतो हेही कारण आहे. बाराझुशी करायचा योग आला तर सोडू नका. ही इथली खास सुशी, व्हिनेगर लावलेल्या भातावर मासे, भाज्या, अंड्याच्या पट्ट्या. गोष्ट अशी सांगतात की सतराव्या शतकात इथल्या इकेदा मित्सुमासा या सरदाराने काटकसरीसाठी हुकूम काढला, जेवणात एक सूप आणि एकच पदार्थ. मग लोकांनी सगळा माल भाताखाली लपवला आणि खाताना डबा उलटा केला! (कोराकुएन बांधली ती त्याच्याच मुलाने, त्याने काटकसर किती पाळली ते बागेत गेल्यावर तुम्हीच बघा.) व्हेजवाल्यांसाठी मशरूम-गाजर-कमळकाकडीची करून देतात.

सकाळीसुद्धा भात, सूप, लोणचं, कधी भाजलेला मासा. दुधाचा चहा नाही, पोळी नाही. चहाशिवाय डोकं दुखत असेल तर प्रीमिक्सची पाकिटं बरोबर ठेवा.

घरातले नियम थोडेच आहेत पण पक्के. बूट दारातच. ताटामीच्या चटईवर स्लीपरसुद्धा नाही, आणि टॉयलेटची स्लीपर वेगळी, ती घालून घरभर फिरू नका, हे हमखास होतं. अंघोळ संध्याकाळी, आधी टबाबाहेर बसून साबण लावून स्वच्छ व्हायचं मग टबात उतरायचं, पाणी सगळ्या घराला एकच असतं तेव्हा बूच काढायचं नाही. चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नका आणि चॉपस्टिकने चॉपस्टिकमध्ये घास देऊ नका, दोन्ही अंत्यविधीतल्या गोष्टी आहेत. नूडल्स मात्र बिनधास्त आवाज करत खा.

भेट म्हणून चिक्की किंवा बाकरवडीचं पॅक पाकीट न्या. हापूसचा मोह आवरा, ताजी फळं आणि कढीपत्तासुद्धा विमानतळावर अडकतो. सर्दीच्या काही गोळ्या आणि सर्दीच्याच काही इनहेलरवर तिकडे बंदी आहे, त्यामुळे औषधांची यादी निघण्याआधी आम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करा. टिप देऊ नका, यजमान अवघडतात.

पासपोर्ट हाताशी ठेवा, परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टची झेरॉक्स यजमानांना ठेवावीच लागते, संशय म्हणून मागत नाहीत.