विजोड ग्राफिक्स कार्डांची जोडणी

एकाच संगणकात वेगवेगळ्या क्षमतेची, पिढीची किंवा कंपनीची दोन अथवा अधिक ग्राफिक्स कार्डे बसवून एकच काम त्यांच्यात वाटून देणे, याला विजोड ग्राफिक्स कार्डांची जोडणी म्हणता येईल. दोन कार्डांना दोन स्वतंत्र पडदे जोडणे यात मोडत नाही; तिथे प्रत्येक कार्ड आपापले काम करते आणि दोघांना एकमेकांची वाट पाहावी लागत नाही. खरी अडचण उभी राहते ती वाट पाहण्यामुळेच. एक चालीचा आणि एक रेंगाळणारा असे दोन बैल एका औताला जुंपले, तर औत रेंगाळणाऱ्याच्या चालीने चालते. पण त्याच दोन बैलांना दोन वेगळी शेते दिली, तर दोघांचेही कष्ट कामी येतात. विजोड कार्डांच्या बाबतीत यशापयशाचा निर्णय बहुतेक वेळा कार्डे कोणती आहेत यापेक्षा काम कसे वाटले आहे यावर होतो.

अशी जोडणी करण्यामागे साधी कारणे असतात. नवे कार्ड घेतल्यावर जुने घरातच राहते. अधिक मेमरीचे एकच कार्ड आवाक्याबाहेर असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात वापरलेले कार्ड रास्त किमतीत मिळते, पण आपल्याकडच्या कार्डाचा जोड तिथे मिळेलच असे नसते.

कार्डे जोडण्याची कल्पना लोकप्रिय केली ती थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू२ या कार्डाने, १९९८ मध्ये. एसएलआय या संक्षिप्त नावाच्या त्या रचनेत अशी दोन कार्डे एका फितीने जोडली, की पडद्यावरील एक आडवी रेघ एक कार्ड रेखाटे आणि पुढची रेघ दुसरे. रेघा आळीपाळीने येत असल्यामुळे दोन्ही कार्डे सारखीच असणे हे या रचनेत गृहीतच होते. थ्रीडीएफएक्सची मालमत्ता पुढे एनव्हिडियाने विकत घेतली आणि २००४ मध्ये एसएलआय हेच संक्षिप्त नाव नव्या अर्थाने परत आणले. रेडिऑन कार्डे बनवणाऱ्या एटीआयने (ही कंपनी पुढे एएमडीने विकत घेतली) २००५ मध्ये क्रॉसफायर ही तशीच पद्धत आणली. एनव्हिडियाची अट कडक होती: दोन्ही कार्डे एकाच मॉडेलची हवीत, बनवणारी कंपनी वेगळी असली तरी चालेल. क्रॉसफायर थोडे सैल होते. रेडिऑन ५८७० च्या जोडीला ५८५० चालत असे, कारण दोन्ही एकाच कुळातली. २०११ च्या सुमारास एएमडीने प्रोसेसरमधील ग्राफिक्स आणि एखादे स्वस्त सुटे कार्ड यांची जोडी लावण्याचीही सोय दिली.

या साऱ्या पद्धतींत सर्वाधिक वापरली गेलेली वाटणी म्हणजे एक फ्रेम (पडद्यावरचे एक पूर्ण चित्र) एका कार्डाने आणि पुढची फ्रेम दुसऱ्या कार्डाने तयार करणे. विजोड कार्डांना ही वाटणी का मानवत नाही, हे एका हिशोबातून स्पष्ट होते. समजा, एका कार्डाला एक फ्रेम तयार करायला १० मिलिसेकंद लागतात आणि दुसऱ्याला २०. आळीपाळीने काम दिल्यास हळू कार्ड २० मिलिसेकंदांत आपली एक फ्रेम पुरी करते आणि तेवढ्या वेळात वेगवान कार्डाचीही एकच फ्रेम मोजली जाते, कारण पुढची पाळी त्याची नसते. म्हणजे २० मिलिसेकंदांत दोन फ्रेम, सेकंदाला १००. पण वेगवान कार्ड एकटे असते तरी त्याने सेकंदाला १०० फ्रेमच दिल्या असत्या. दुसऱ्या कार्डाची वीज, उष्णता आणि किंमत खर्ची पडून हाती काहीच येत नाही. उलट फ्रेममधील अंतर कमीजास्त झाल्याने चित्र अडखळल्यासारखे दिसते. भरीस भर म्हणजे दृश्याची सगळी सामग्री दोन्ही कार्डांच्या मेमरीत स्वतंत्रपणे ठेवावी लागते, त्यामुळे ८ आणि ४ गीगाबाइटची कार्डे मिळून १२ होत नाहीत; उपयोगी पडतात ती ४ च.

हा अडसर हार्डवेअरने दूर करण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न ल्युसिड या इस्रायली कंपनीने केला. २००८ मध्ये जाहीर झालेली तिची हायड्रा ही चिप मदरबोर्डवर (संगणकाच्या मुख्य फलकावर) बसवली जाई; ती आणि तिचे सॉफ्टवेअर मिळून संगणकावरील खेळाकडून येणाऱ्या आज्ञा मधल्यामध्ये अडवत, दृश्यातील वस्तूंची वाटणी कार्डांच्या कुवतीनुसार करत आणि शेवटी दोन्ही चित्रे एकत्र करत. एमएसआय कंपनीच्या बिग बँग फ्यूजन या मदरबोर्डवर २०१० मध्ये ती ग्राहकांच्या हाती आली, आणि एनव्हिडिया व एटीआयची कार्डे एकाच खेळासाठी एकत्र राबू लागली. वाटणी कुवतीनुसार करण्याचा तिचा विचार अचूक होता. मात्र प्रत्येक खेळासाठी ल्युसिडला सॉफ्टवेअर जुळवून घ्यावे लागे, काही खेळांत चित्रे बिघडत आणि अपेक्षित वेग क्वचितच मिळे. थोड्याच वर्षांत ही चिप बाजारातून नाहीशी झाली. खेळाच्या आत काय चालले आहे हे बाहेरून ओळखून वाटणी करणे किती कठीण असते, याचे हे उदाहरण आहे.

ऑपरेटिंग सिस्टिमचाही यात वाटा असतो. विंडोज व्हिस्टाच्या नव्या ड्रायव्हर रचनेत (ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) सर्व कार्डांसाठी एकच ग्राफिक्स ड्रायव्हर चालत असे, त्यामुळे दोन कंपन्यांची कार्डे एकत्र लावण्याचा मार्गच बंद झाला होता. २००९ च्या विंडोज ७ ने तो पुन्हा मोकळा केला. २०१५ मध्ये विंडोज १० सोबत आलेल्या डायरेक्टएक्स १२ ने (खेळ आणि कार्ड यांच्यातल्या दुव्याने) वाटणीचा अधिकार ड्रायव्हरकडून काढून थेट चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे दिला. संगणकातील कोणतीही कार्डे, कंपनी कोणतीही असो, प्रोग्रॅमला स्वतंत्रपणे दिसू लागली. ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी या खेळाने ही सोय वापरून एएमडीची रेडिऑन आणि एनव्हिडियाची जीफोर्स कार्डे एकत्र चालवून दाखवली. पण वाटणीची सगळी मेहनत आता खेळ बनवणाऱ्यांवर आली, आणि दोन कार्डांचे मोजके ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून ती मेहनत घेणारे फारसे कोणी निघाले नाहीत. एनव्हिडियाने २०२१ च्या आरंभापासून एसएलआयसाठी नवी जुळणी देणे थांबवले. खेळांच्या क्षेत्रात हा अध्याय जवळपास तिथेच मिटला.

ज्या कामांचे एकमेकांवर न अवलंबणारे तुकडे पडतात, तिथे मात्र विजोड कार्डे पहिल्यापासून गुण्यागोविंदाने नांदली. त्रिमितीय चित्रांसाठी वापरल्या जाणाऱ्या ब्लेंडर या सॉफ्टवेअरच्या सायकल्स या रेंडररमध्ये (दृश्याचे अंतिम चित्र तयार करणाऱ्या भागात) एकाच चित्राचे भाग वेगवेगळ्या कार्डांना दिले जातात आणि ज्याचा उरक अधिक त्याला अधिक भाग मिळतो. तिथे दोन अटी असतात. दृश्य प्रत्येक कार्डाच्या मेमरीत मावले पाहिजे, आणि एका वेळी एकाच कंपनीची गणनपद्धती निवडता येत असल्याने एनव्हिडिया व एएमडी यांचा मेळ एका रेंडरमध्ये बसत नाही.

या विषयाला नवे महत्त्व आले ते भाषिक प्रारूपे (मजकूर रचणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे) घरच्या संगणकावर चालवू लागल्यापासून, विशेषतः मार्च २०२३ मध्ये सुरू झालेल्या लामा डॉट सीपीपी या मुक्त प्रकल्पानंतर. भाषिक प्रारूप अनेक थरांचे असते. एका थराचे उत्तर पुढच्या थराला मिळते. हे थर कार्डांमध्ये हव्या त्या प्रमाणात वाटता येतात आणि इथे मेमरीची खरोखर बेरीज होते. उदाहरणादाखल ६४ थरांचे आणि २७ गीगाबाइटचे प्रारूप घेऊ. २४ गीगाबाइटच्या आरटीएक्स ३०९० मध्ये ते एकट्याने मावत नाही. जोडीला १२ गीगाबाइटचे आरटीएक्स ३०६० असेल, तर ४५ थर, म्हणजे सुमारे १९ गीगाबाइट, पहिल्याकडे आणि १९ थर, म्हणजे सुमारे ८ गीगाबाइट, दुसऱ्याकडे देता येतात. उरलेली जागा संभाषणाच्या तात्पुरत्या नोंदीसाठी लागतेच. प्रत्येक नवा शब्दांश तयार करताना सगळे थर मेमरीतून एकदा वाचावे लागतात. ३०९० च्या मेमरीचा वेग सेकंदाला ९३६ गीगाबाइट आहे, म्हणून तिथे सुमारे २० मिलिसेकंद लागतात. ३०६० चा ३६० असल्याने निम्म्याहून कमी थर वाचायलाही त्याला २२ लागतात. एकूण ४२, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त २३-२४ शब्दांश. तेच ८ गीगाबाइट संगणकाच्या साध्या मेमरीत, सेकंदाला सुमारे ५० गीगाबाइटच्या वेगावर, ठेवले असते तर त्यांनाच १६० मिलिसेकंद लागले असते आणि सेकंदाला जेमतेम ५-६ शब्दांश मिळाले असते. हळू कार्डाची तुलना वेगवान कार्डाशी न करता त्याच्या जागी जे आले असते त्याच्याशी करावी, ही गोष्ट या हिशोबाने ठळक होते.

अशा वाटणीत एका कार्डाकडून दुसऱ्याकडे जाणारी माहितीही थोडकी असते. ५,१२० आकड्यांची एक रांग, प्रत्येक आकडा ४ बाइटचा, म्हणजे एका शब्दांशामागे केवळ २० किलोबाइट. त्यामुळे क्रिप्टो चलनाच्या खाणकामासाठी वापरल्या जाणाऱ्या, एकाच लेनच्या (माहिती वाहणाऱ्या मार्गिकेच्या) रायझर केबलवर कार्ड टांगले, तरी उत्तर येण्याचा वेग फारसा घटत नाही. प्रारूप मेमरीत भरायला मात्र बराच वेळ लागतो. प्रत्येक थर चिरून सर्व कार्डांना एकाच वेळी राबवण्याची दुसरी पद्धत आहे. ती सारख्या कार्डांवर अधिक वेगवान ठरते, पण तिथे प्रत्येक थराशी सर्वांनी एकमेकांसाठी थांबायचे असते, म्हणजे विजोड कार्डांचे जुने दुखणे परत येते. एनव्हिडिया आणि एएमडी एकत्र असतील, तर दोघांनाही चालणारा व्हल्कन हा सामाईक मार्ग लामा डॉट सीपीपीमध्ये वापरता येतो.

ड्रायव्हरची जुळणी हा या जोडणीतला सर्वांत चकवणारा भाग होय. दोन कंपन्यांची कार्डे असतील तर दोन ड्रायव्हर शेजारी शेजारी राहू शकतात. पण एकाच कंपनीची दोन कार्डे असतील तर दोघांना पेलणारा एकच ड्रायव्हर असावा लागतो, आणि त्यामुळे एकाच घरातली दोन भावंडे परक्यांहून अधिक भांडतात. एनव्हिडियाची आरटीएक्स ५० मालिका लिनक्सवर केवळ खुल्या कर्नल मॉड्यूलवर (ड्रायव्हरच्या खुल्या स्वरूपातील गाभ्यावर) चालते, आणि ते मॉड्यूल २०१८ च्या ट्युरिंग पिढीपूर्वीची कार्डे ओळखत नाही. म्हणून नवे ५० मालिकेतले कार्ड आणि जुने जीटीएक्स १०८० हे दोन्ही लिनक्सवर एनव्हिडियाच्या ड्रायव्हरने एकत्र चालत नाहीत. पेटीत दोन्ही कार्डांचे पंखे फिरत असतात, पण एनव्हिडियाच्या पाहणी-साधनाच्या यादीत एकच दिसते. क्रमांकाचा घोळही नित्याचा आहे. ते साधन कार्डांना स्लॉटच्या क्रमाने मोजते, तर कूडा ही एनव्हिडियाची गणनपद्धती मूलतः सर्वांत वेगवान कार्डाला शून्य क्रमांक देते. परिणामी २४ गीगाबाइटसाठी ठरवलेला भार १२ गीगाबाइटच्या कार्डावर जाऊन आदळतो आणि मेमरी अपुरी पडल्याचा संदेश येतो. कूडालाही स्लॉटचाच क्रम पाळायला सांगितले, की हा घोळ मिटतो.

बसवणीच्या बाजूने पाहता सामान्य घरगुती प्रोसेसर ग्राफिक्ससाठी १६ लेन देतो. दोन कार्डे लावल्यावर, मदरबोर्डने सोय दिली असेल तर, त्या ८-८ अशा विभागल्या जातात, नाहीतर दुसरे कार्ड चिपसेटमार्गे (मदरबोर्डवरील सहायक चिपमधून) ४ लेनवर जाते. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात आणि ८ पिनच्या जोडणीतून १५०. पॉवर सप्लायची निवड या बेरजेवरून करावी. तीन-चार कार्डांसाठी बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) ४ गीगाबाइटच्या वरच्या मेमरी-पत्त्यांची परवानगी द्यावी लागते, अन्यथा संगणक कधीकधी सुरूच होत नाही. दोन जाड कार्डे खेटून बसवली तर वरचे कार्ड खालच्याचीच गरम हवा ओढते, म्हणून अधिक तापणारे कार्ड मोकळ्या हवेच्या बाजूला असावे.

कामाची जातच वेगळी करून दोन कार्डांना दोन भूमिका देणे हा तिसरा मार्ग आहे. जगभरातील असंख्य लॅपटॉप या अर्थाने विजोड जोडीच आहेत: एनव्हिडियाने २०१० मध्ये आणलेल्या ऑप्टिमस पद्धतीत जड काम सुटे कार्ड करते आणि तयार फ्रेम प्रोसेसरमधील ग्राफिक्सकरवी पडद्यावर जाते. खेळातील भौतिक हालचालींच्या फिजएक्स गणनेसाठी दुसरे जीफोर्स ठेवण्याची प्रथा त्याआधीची आहे. रेडिऑनच्या जोडीला असे जीफोर्स लावणाऱ्यांची वाट एनव्हिडियाने २००९ मध्ये ड्रायव्हरमधूनच बंद केली, आणि विकत घेतलेल्या कार्डाचा चालू उपयोग असा काढून घेणे ग्राहकांवर अन्यायकारक होते. २०२५ मध्ये आरटीएक्स ५० मालिकेतून ३२ बिट कूडा वगळल्यावर जुन्या खेळांतील फिजएक्ससाठी अनेकांनी आपली जुनी जीफोर्स कार्डे पुन्हा बसवली. त्याच वर्षी लॉसलेस स्केलिंग या छोट्या सॉफ्टवेअरमुळे आणखी एक वाटणी रूढ झाली: मोठे कार्ड खेळाच्या मूळ फ्रेम तयार करते आणि लहान कार्ड, कंपनी कोणतीही असो, त्यांच्या दरम्यानच्या फ्रेम रचते. अशा जोडणीत पडद्याची केबल मोठ्या कार्डाला न लावता लहान कार्डाला लावावी लागते, कारण शेवटची फ्रेम तिथे तयार होते. ती चुकून मोठ्या कार्डाला लावली, तर प्रत्येक फ्रेम दोन कार्डांमधल्या जोडमार्गावरून परत आणावी लागते आणि मिळालेला वेग तिथेच खर्च होतो.