रील बघून पेशंट कळतो का?

परवा चर्चगेट लोकलमध्ये शेजारी फिजिओच्या दोन मुली बसल्या होत्या, मांडीवर घडी केलेले पांढरे एप्रन. मोबाईलवर रील चालू, हात नसलेला मुलगा पायाने पेपर लिहितोय आणि मागे रडवणारं म्युझिक. "बघ ना यार, आणि आपण वायवाला घाबरतो!" मुली मनाने चांगल्या होत्या, म्हणूनच मला ते लागलं. त्या मुलाला लेखनिक मिळाला का, जास्तीचा वेळ मिळाला का, काहीच नाही, आपल्याला हुरूप यावा एवढ्यासाठीच तो दाखवलेला. स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या ऑस्ट्रेलियन पत्रकार स्टेला यंग यांनी २०१२ मध्ये अशा कंटेंटला 'इन्स्पिरेशन पॉर्न' म्हटलं होतं.

मी फिजिओच शिकवते, त्यामुळे हे कुठे पोचतं ते दिसतं. अमेरिकेत ७१४ डॉक्टरांचा सर्व्हे २०२१ मध्ये आला, त्यात ८२.४ टक्के डॉक्टरांना वाटत होतं की गंभीर अपंगत्व असलेल्यांचं आयुष्य इतरांपेक्षा वाईटच असतं. आणि १९९९ च्या एका अभ्यासात अशाच लोकांना विचारलं तर ५४ टक्के म्हणाले, आमचं बरं किंवा उत्तम चाललंय! डॉक्टरच्या डोक्यात आधीच "बिचारा" बसला की तो पुढचे उपचार सुचवताना हात आखडता घेऊ शकतो, ही खरी भीती.

मग मोबाईल बंद करायचा का, तर नाही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्ये मांडलं की बरोबरीच्या नात्याने भेट झाली की पूर्वग्रह कमी होतात. आता वॉर्डात बरोबरी कुठली, पेशंट झोपलेला आणि आपण दहाजण त्याच्याभोवती उभे. उलट अपंग माणूस स्वतः कॅमेरा धरून सांगतो, "मला उचलण्याआधी विचारा," तेव्हा तो बोलतो आणि आपण ऐकतो. पडद्यावरच्या ओळखीनेही पूर्वग्रह कमी होऊ शकतो असं २००५ च्या संशोधनात दिसलंय. पण अल्गोरिदमला तुम्ही कुठे थांबता एवढंच कळतं, रडक्या रीलवर थांबलात की तशीच अजून येतात.

म्हणून हल्ली मी वर्गात अपंग माणसांनी स्वतः बनवलेले व्हिडिओ दाखवते. एकात बाई व्हीलचेअरवरून तपासणीच्या टेबलावर कशी सरकते ते होतं. संपल्यावर एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आपल्या ओपीडीतलं टेबल खाली-वर होतं का?" जाऊन बघितलं. होत नव्हतं. नवीन टेबलाचा अर्ज तिनेच लिहिला, मी फक्त सही केली.