कोर्टाची शिक्षा म्हणजे कायमची खेळबंदी नव्हे

शिमगा सरला की वेंगुर्ल्यापासून गुहागरपर्यंत टेनिस बॉलच्या स्पर्धा रंगतात, आणि मैदानाच्या कडेला एक वाक्य वर्षानुवर्षं कानावर पडतं: "कोर्टानं दोषी ठरवलं की खेळाडू कायद्यानंच जन्मभर बाद." हे चुकीचं आहे. तुरुंगवास कोर्ट देतं. खेळबंदी घालतं देशाचं क्रिकेट मंडळ किंवा आयसीसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद.

पाकिस्तानचा वेगवान गोलंदाज मोहम्मद आमिरचंच बघा. २०१० मध्ये लॉर्ड्सवर त्यानं पैशांसाठी आधीच ठरवून नो-बॉल टाकले (स्पॉट-फिक्सिंग), तेव्हा तो १८ वर्षांचा होता. २०११ मध्ये लंडनच्या कोर्टानं त्याला सहा महिन्यांची शिक्षा दिली. आयसीसीची बंदी मात्र पाच वर्षांची. २०१६ मध्ये तो परतला आणि २०१७ च्या चॅम्पियन्स ट्रॉफी फायनलमध्ये रोहित, कोहली, धवन त्यानंच टिपले. आपल्याला तो दिवस झोंबला, तरी गुन्हा कबूल करून शिक्षा भोगलेल्या पोराला संधी मिळाली हे मला योग्यच वाटतं.

आयपीएलमध्ये स्पॉट-फिक्सिंगचा आरोप झालेला भारताचा गोलंदाज श्रीशांत, त्याचं उलट झालं. लोक आजही त्याला 'शिक्षा झालेला' म्हणतात. प्रत्यक्षात २०१५ मध्ये दिल्लीच्या कोर्टानं त्याला आरोपमुक्त केलं होतं. भारतीय क्रिकेट मंडळाची आजन्म बंदी तरीही कायम राहिली; २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फेरविचार करायला लावल्यावर ती सात वर्षांवर आली आणि २०२० मध्ये संपली.