कलादगी खोरे तेलाच्या यादीत तळाला का?

गोकाकचा धबधबा ज्या क्वार्टझाइटच्या (घट्ट झालेल्या वालुकाश्माच्या) कड्यावरून कोसळतो आणि सौंदत्तीजवळ नविलतीर्थाला मलप्रभा जो डोंगर चिरून जाते, ते दोन्ही उत्तर कर्नाटकातल्या कलादगी खोऱ्याचेच खडक. खोरे म्हणजे इथे नदीचे नव्हे, तर प्राचीन काळी गाळाचे थर साचलेला खोलगट भूभाग. दक्षिण मराठा मुलखाच्या भूगर्भावरचा सरकारी अहवाल १८७६ मध्ये निघाला, त्यात हे नाव आहे. पुढे खालच्या, घड्या पडलेल्या थरांना बागलकोट गट आणि त्यांवर जवळजवळ आडव्या पसरलेल्या थरांना बदामी गट म्हणू लागले.

तेलशोधकांना यात रस आहे तो बागलकोट गटातल्या चुनखडी-डोलोमाइटमुळे (डोलोमाइट म्हणजे मॅग्नेशियम असलेला चुनखडीसारखा खडक). इतक्या जुन्या डोलोमाइटमध्ये मुळातली सच्छिद्रता फारशी उरत नाही. तेल साठायला जागा मिळते ती प्रस्तरभंगांलगतच्या (खडक तुटून सरकतात त्या फॉल्टलगतच्या) भेगांत आणि पाण्याने झिजलेल्या पोकळ्यांत. सैबेरियात शंभर कोटी वर्षांच्या अशा डोलोमाइटमध्ये तेल आहे. आपल्याकडे राजस्थानात बाघेवाला इथे १९९१ मध्ये कँब्रियनच्या (सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कालखंडाच्या) उंबरठ्यावरच्या खडकांत जड तेल सापडले.

तरीही देशातल्या २६ गाळखोऱ्यांच्या, तेल-वायूच्या शक्यतेनुसार केलेल्या जुन्या चारवर्गी यादीत कलादगी चौथ्या वर्गात बसले, तेही 'भीमा-कलादगी' अशा जोडनावाने. ही जोडी पटत नाही. शहाबाद-कलबुर्गीकडचे भीमा खोरे वेगळे. फॉल्टजवळचे पट्टे सोडले तर तिथले थर आडवेच आहेत. त्यांचे साम्य असेल तर बदामी गटाशी. बागलकोट गट त्याहून जुना आणि दाबला गेलेला. डोलोमाइट भेगाळणाऱ्या त्याच हालचालींनी तेल अडवून धरणारे वरचे शेलचे (घट्ट झालेल्या चिखलाच्या खडकाचे) झाकण फुटले असेल, ही शंका रास्त आहे. पण ती बागलकोट गटापुरती तपासायला हवी. दोन खोऱ्यांना एकच शेरा देऊन ती सुटत नाही. शिवाय चौथ्या वर्गाचा निकष होता जगातल्या तत्सम खोऱ्यांशी साधर्म्य. म्हणजे खोरे तळाला गेले ते अपुऱ्या माहितीमुळे. ते नापास झाले असा त्याचा अर्थ होत नाही.

दुसरी अडचण बेसाल्टची. चिकोडी-निपाणीकडे कलादगी खडक दिसत नाहीत, पण दक्षिण कोल्हापूर आणि सिंधुदुर्गात पुन्हा वर येतात. मधले थर दख्खनच्या लाव्ह्याखाली असावेत. बेसाल्टमधून कृत्रिम भूकंपलहरींनी खालचे स्पष्ट चित्र मिळवणे अवघड आणि खर्चिक.

तेल-वायू शोधाच्या २०१६ च्या सरकारी धोरणाने कंपन्यांना हवे ते क्षेत्र स्वतः आखून मागण्याची मुभा दिली. त्यानंतर खोऱ्यांचे वर्ग चारांचे तीन झाले, भीमा-कलादगी शेवटच्याच वर्गात राहिले. तेलाचा प्रश्न तसाच आहे, आणि या खोऱ्यातली यादवाड-लोकापूरची चुनखडी सिमेंटला जाते आहे.