मुख्य अर्जदार कोण?

परदेशात स्थायिक व्हायला निघालेल्या जोडप्याला अर्ज भरताना आधी ठरवावं लागतं, मुख्य अर्जदार कोण आणि अवलंबित कोण. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे ठरवायची वेळच यायची नाही. नवरा जिथला, बायको तिथली, हे अनेक देशांच्या कायद्यांनी गृहीतच धरलं होतं. १९०७च्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशी पुरुषाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री मायदेशातच परकी ठरे. ती देश सोडून गेली नसली तरी! १९२२च्या केबल कायद्याने यातला बराच अन्याय दूर केला. ब्रिटिश स्त्रियांना मात्र त्यासाठी १९४९ उजाडेपर्यंत थांबावं लागलं.

नागरिकत्वाचा प्रश्न सुटला तरी प्रवेशाच्या नियमांत जुना हिशेब चालूच राहिला. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या पुरुषाला बायको आणणं सोपं होतं, बाईला नवरा आणणं अवघड. पुरुष आला की इथल्यांच्या नोकऱ्या घेणार, हा सरकारचा युक्तिवाद. तीन स्त्रिया युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेल्या आणि १९८५ मध्ये न्यायालयाने हा लिंगभेद असल्याचा निकाल दिला. त्यावर सरकारने समानता आणली खरी, पण नवऱ्यांची वाट सोपी करून नव्हे, तर बायकांचीही अवघड करून. स्थलांतराच्या इतिहासात असा सरकारी चतुरपणा जागोजागी भेटतो.

आजच्या जोडप्यांना जास्त जाच होतो तो कामाच्या परवानगीचा. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला एच-४ मिळतो. म्हणजे राहता येतं, शिकता येतं, पण कमावता येत नाही. मे २०१५ पासून यातल्या काहींना कामाची मुभा मिळाली, तीही मुख्यतः मुख्य व्हिसाधारकाच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोचली असेल तरच. तोवर शिकलेल्या, नोकरी केलेल्या माणसाच्या कारकिर्दीत वर्षानुवर्षांची पोकळी पडते. नव्या देशात जम बसत नाही, याचं खापर स्वभावावर किंवा एकटेपणावर फोडलं जातं. माझ्या मते त्यातला मोठा वाटा या कागदाचा असतो. पगार, अनेकदा घराचा करार, आणि मुळात राहण्याचा हक्कच एकाच्या नोकरीवर उभा असेल, तर घरात बरोबरीने बोलणं दोघांनाही जड जातं. संसार मोडकळीला आला, तर अवलंबिताचा मुक्कामही धोक्यात येतो.

कॅनडाने १९६७ मध्ये गुणपद्धत आणली, तेव्हा अर्जदाराचं शिक्षण, भाषा आणि कामातलं कौशल्य गुणांत मोजलं जाऊ लागलं. २०१५च्या एक्स्प्रेस एंट्री या निवडपद्धतीत जोडीदाराच्या शिक्षण-भाषा-अनुभवालाही ४० पर्यंत गुण ठेवले. ऑस्ट्रेलियानेही २०१९ मध्ये कुशल जोडीदाराचे गुण वाढवले. त्यामुळे दोघांपैकी कोणाला मुख्य अर्जदार केलं तर बेरीज जास्त होते, हे जोडपी आता आधी मांडून बघतात, आणि ते नाव बायकोचंही निघू शकतं.