झोपेतले दडपण व सजग स्वप्न (इंदूर)

झोपेतले दडपण : जाग आलेली आहे, डोळे उघडे आहेत, वरचा पंखा दिसतो आहे, पण हात-पाय हलत नाहीत, तोंडातून आवाज फुटत नाही आणि छातीवर कोणी बसले आहे किंवा उशाशी उभे आहे अशी पक्की खात्री वाटते, अशी झोपेच्या कडेवरची अवस्था. वैद्यकात तिला निद्रा-पक्षाघात किंवा स्लीप पॅरालिसिस म्हणतात. स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे कळणे म्हणजे सजग स्वप्न, अर्थात ल्युसिड ड्रीम. शरीर निजलेले आणि मन जागे, ही स्थिती दोन्हींकडे सारखीच. सजग स्वप्नात माणसाला आपण कुठे आहोत ते उमगलेले असते, दडपणात उमगलेले नसते. मुख्य फरक हा. म्हणून दोन्हींची नोंद एकत्र केली आहे. अनुभव जगभरचा आहे; येथील शब्द, समज आणि उपाय मात्र इंदूरच्या मराठी घरांतले आहेत.

‘निद्रा-पक्षाघात’ हा शब्द शास्त्राला धरून असला तरी घरात उच्चारण्याजोगा नाही. डॉक्टरांनी ‘पॅरालिसिस’ म्हटले की घरचे त्याचा ‘लकवा’ करतात आणि रात्रीतून नातेवाइकांचे फोन सुरू होतात. या अवस्थेचा मेंदूतल्या रक्तस्रावाशी किंवा गुठळीशी काही संबंध नाही. इंदुरी मराठीत लोक साधे बोलतात : ‘रात्री झोप उघडली, तर कोणीतरी मला दबवून ठेवलेलं.’ पुण्याच्या पाहुण्याला यातले ‘झोप उघडली’ आणि ‘दबवलं’ दोन्ही खटकते, कारण दोन्ही हिंदीच्या शेजाराने आलेले आहेत. पण अनुभव यापेक्षा नेमका सांगता येत नाही. ‘वोसणणे’ हा जुना मराठी शब्द मात्र येथे लावू नये. वोसणणारा झोपेत बरळतो, सगळे घर ते ऐकते आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. दडपलेला माणूस जिवाच्या आकांताने हाका मारतो, शेजारी निजलेल्यालाही त्या ऐकू जात नाहीत, आणि आठवते मात्र सगळे.

शरीरात काय घडते : रात्रीची झोप साधारण ९० मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते. प्रत्येक फेरीच्या शेवटी बुबुळे पापण्यांखाली वेगाने हलतात. ही ‘रेम’ झोप शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये जगापुढे मांडली. प्रौढाच्या झोपेचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा तिचा असतो आणि पहाटेकडे तिचे तुकडे लांबत जातात. ठसठशीत स्वप्ने बहुतेक याच वेळी पडतात. स्वप्नात धावणारा माणूस पलंगावरही धावू लागला तर हाडे मोडतील, म्हणून मेंदूचा देठ मणक्यातल्या स्नायू हलवणाऱ्या पेशींना थोपवून धरतो. ग्लायसीन आणि गाबा ही रसायने ते काम करतात. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासाचा पडदा तेवढे मोकळे राहतात. फ्रान्सच्या मिशेल झुव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतला हा अडसर काढून पाहिला, तेव्हा मांजरे गाढ झोपेत उठून न दिसणाऱ्या उंदरावर झडप घालू लागली.

दडपणात हा अडसर काही सेकंद ते एक-दोन मिनिटे उशिरा निघतो. तेवढ्यात मन जागे होऊन बसलेले असते. छातीवरच्या ओझ्याचा उलगडाही येथेच होतो. रेम झोपेत फासळ्यांमधले स्नायू ढिले पडलेले असतात, श्वास एकट्या पडद्यावर चालतो. घाबरलेला माणूस मुद्दाम खोल श्वास घेऊ पाहतो, छाती साथ देत नाही, आणि ‘कोणी गळा आवळतो आहे’ असे वाटते. प्रत्यक्षात श्वास एकदाही थांबलेला नसतो. मेंदूतला भयाचा भाग मात्र जागा होऊन धोका शोधत असतो, आणि स्वप्नाचे चित्र काढणारी यंत्रणाही बंद पडलेली नसते. खोली खरी, तिच्यात उभा असलेला माणूस स्वप्नातला. खुंटीवरचा सदरा वळून पाहतो तो असा.

दिसणाऱ्या-जाणवणाऱ्या गोष्टी संशोधकांनी ढोबळपणे तीन गटांत घातल्या आहेत : कोणीतरी खोलीत शिरले आहे, कोणीतरी छातीवर दाब देत आहे, आणि आपण तरंगतो, घसरतो किंवा शरीराबाहेर पडतो आहोत. पहिले दोन बहुधा जोडीने येतात आणि फार भीतिदायक असतात. तिसऱ्यात कधीकधी सुखही वाटते. बघणारा आपापल्या मुलखातले पात्र त्यात बसवतो. जपानात त्याला कानाशिबारी म्हणतात, म्हणजे लोखंडी साखळदंडाने बांधल्यासारखे. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला ती म्हातारी चेटकीण. चीनमध्ये बिछाना दाबणारे भूत. इंग्रजी ‘नाइटमेअर’मधली ‘मेअर’ हीसुद्धा छातीवर बसणारी बाईच, घोडी नव्हे. रामबागेच्या किंवा मल्हारगंजाच्या जुन्या वाड्यात वाढलेल्यांना मागच्या पिंपळावरचा मुंजा आठवतो. फ्लॅटमध्ये वाढलेल्या नातवंडांना नुसती काळी आकृती दिसते. मुंजाही अपार्टमेंटपर्यंत पोचला नाही म्हणायचे. इजिप्त आणि डेन्मार्क या देशांची तुलना झाली, तेव्हा जिन्नाचा हात असल्याचे मानणाऱ्या इजिप्शियन लोकांना या अनुभवाची भीती जास्त वाटते आणि तो त्यांच्यात जास्त वेळ टिकतो असे आढळले. गोष्ट जितकी भयंकर ऐकलेली, तितकी रात्र लांब.

कोणाला होते : वेगवेगळ्या देशांतल्या ३५ पाहण्यांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येणारे सर्वसाधारण लोक सुमारे ८ टक्के. विद्यार्थ्यांत हेच प्रमाण २८ टक्क्यांच्या घरात. इंदूर हे स्पर्धा परीक्षांच्या शिकवणीवर्गांचे शहर. भंवरकुआँच्या बाजूला खोली घेऊन राहणारी मुले रात्री दोनपर्यंत वाचतात, सहाला उठतात आणि दुपारी जेवून उताणी पडतात. दडपणाला याहून चांगली तयारी नाही : अपुरी झोप, बदलत्या वेळा, उताणे निजणे आणि डोक्यावरचा ताण, हीच याची नेहमीची कारणे. पीथमपूरच्या कारखान्यांत पाळ्यांवर जाणारे याच रांगेतले. पाळी बदलली की झोपेचे घड्याळ मागे राहते, आणि डोळा लागताक्षणी रेम झोप सुरू होण्याची शक्यता वाढते.

शहराची स्वतःची जागरणेही आहेत. दिवसा सोन्याचांदीची दुकाने चालवणारा सराफा रात्री खाण्याचा बाजार होतो आणि मध्यरात्र उलटून गेल्यावरही चालू असतो. थंडीत गराडू म्हणजे तळलेला कंद, एरवी भुट्ट्याचा कीस आणि वर जलेबा. उशिराचे जड जेवण थेट दडपण आणते असे म्हणता येणार नाही, पण झोप तुटते, आणि तुटक झोपेत दडपणाला फट मिळते. अनंत चतुर्दशीची रात्र तर अख्खी जागायचीच. मिलमजुरांनी सुरू केलेल्या झाक्यांची, म्हणजे फिरत्या देखाव्यांची, मिरवणूक मिली बंद पडल्यावरही निघते आणि पहाटेपर्यंत चालते. दुसऱ्या दिवशी घरोघरी दुपारी अकरा-बाराला पडलेली माणसे दिसतात. त्या झोपेत ‘दबवलं’ म्हणणारा एखादा तरी निघतो, आणि मिरवणुकीतून काहीतरी मागे लागून आले, असा अर्थ लावला जातो. मागे लागलेली असते ती थकलेली झोप.

घरगुती उपाय : ‘आजी, रात्री कोणीतरी दबवलं मला.’ ‘छातीवर हात ठेवून निजला असशील. कितीदा सांगितलं तुला, कुशीवर वळत जा.’ हा संवाद इंदुरातल्या बहुतेक मराठी घरांत कधी ना कधी झालेला असतो. आजीचे कारण चुकीचे आहे, सल्ला मात्र बरोबर. छातीवर हात ठेवणारा माणूस उताणाच निजलेला असतो, आणि उताण्या झोपेत दडपण जास्त येते, हे अभ्यासांतही दिसले आहे. आढ्याखाली निजू नये, दक्षिणेकडे पाय करू नयेत, उशाखाली अडकित्ता किंवा सुरी ठेवावी, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकाव्यात, हे उपाय वेगळ्या वर्गातले. लोखंडाचा झोपेवर काही परिणाम होत नाही. पण उशाखाली काहीतरी आहे या धीराने ज्याला शांत झोप लागते, त्याचे दडपण कमी होत असेल तर त्यात नवल नाही. धारेची सुरी मात्र लहान मुलांच्या अंथरुणात ठेवू नये. मुंजापेक्षा ती नक्कीच धोक्याची.

रामरक्षा किंवा भीमरूपी मनात म्हणण्याचा उपाय अधिक विचार करण्याजोगा आहे. त्या क्षणी ओठ हलत नाहीत, तरी पाठ असलेल्या ओळी मनात एकामागून एक चालतात आणि लक्ष उशाशी उभ्या आकृतीवरून हटते. हल्ली तज्ज्ञही जवळपास हेच सांगतात : झगडू नका, हे काय आहे ते ओळखा, लक्ष एखाद्या आश्वासक गोष्टीवर लावा, स्नायू सैल सोडा. पूर्ण हात उचलण्याचा आटापिटा करण्यापेक्षा करंगळी किंवा पायाचा अंगठा हलवून पाहावा असेही अनेक अनुभवी सांगतात. शेजारी निजलेल्याने खांदा हलवला किंवा नाव घेऊन हाक मारली तर दडपण बहुधा लगेच सुटते. त्यासाठी पाणी तोंडावर मारायची गरज नसते.

सजग स्वप्न : स्वप्नातच स्वप्न ओळखता येते, हे जुन्यांना ठाऊक होते. ॲरिस्टॉटलने त्याची नोंद केली आहे, तिबेटी बौद्धांत स्वप्नयोगाची परंपराच आहे, आणि पतंजलींच्या योगसूत्रांत चित्त स्थिर करण्याच्या आलंबनांत स्वप्न व निद्रा यांचे ज्ञानही सांगितले आहे. तुकाराम महाराज तर नामदेवांनी आपल्याला ‘स्वप्नामाजी जागें’ केल्याचे सांगतात. तेथे विषय कवित्वाच्या आज्ञेचा आहे, मेंदूचा नव्हे; तरीही ‘ल्युसिड ड्रीम’ला मराठीत याहून सुंदर शब्द सापडणे अवघड. तो इंग्रजी शब्द डच लेखक-वैद्य फ्रेडरिक व्हॅन ईडन यांनी १९१३ मध्ये रूढ केला.

प्रयोगशाळेत मात्र बराच काळ कोणी विश्वास ठेवत नव्हते. झोपलेला माणूस ‘मी सजग होतो’ असे उठल्यावर सांगतो, त्याला पुरावा काय? तोड निघाली ती डोळ्यांतून. रेम झोपेत डोळे मोकळे असतात; मग सजग झाल्यावर स्वप्नातच डावीकडे-उजवीकडे ठरलेल्या पद्धतीने पाहायचे, म्हणजे खरी बुबुळेही तशीच हलतील आणि यंत्राच्या कागदावर रेघ उमटेल. इंग्लंडमधील हल येथे कीथ हर्न यांनी १९७५ मध्ये अशी खूण प्रथम टिपली. पुढे स्टॅनफर्डला स्टीव्हन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच केले. २०२१ मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स येथील प्रयोगशाळांनी आणखी एक पाऊल टाकले. झोपलेल्याला ‘आठातून सहा गेले किती?’ असे विचारले, आणि त्याने स्वप्नातूनच बुबुळे दोनदा हलवून उत्तर दिले. बहुतेक प्रश्नांना उत्तर आलेच नाही, हेही सांगितले पाहिजे.

सवयीने हे साधू पाहणारे उठल्याबरोबर स्वप्न लिहून ठेवतात, दिवसातून अनेकदा ‘मी आत्ता स्वप्नात तर नाही?’ असे तपासतात, आणि आपल्या स्वप्नांत वारंवार येणाऱ्या अशक्य गोष्टी हेरून ठेवतात. पाटी एकदा वाचून मान वळवून पुन्हा वाचली तर स्वप्नात अक्षरे बदलतात. नाक चिमटीत धरूनही श्वास चालू राहतो. इंदूरकराला अशा खुणा शोधायला लांब जावे लागत नाही. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, पण तिच्या भोंग्यावर ज्यांचे बालपण उठले-बसले, त्यांच्या स्वप्नात तो अजून वाजतो. पाळीचा भोंगा ऐकू आला, डबा भरायची घाई सुरू झाली, आणि मध्येच लक्षात आले की मिल तर कधीच थांबली, तर तो माणूस त्या क्षणी सजग स्वप्नात आहे. पुढे डबा घेऊन कामावर जायचे की राजवाड्यावरून उडत जायचे, हे त्याच्या हातात.

एक रीत अशी, की निजल्यावर पाचेक तासांनी गजर लावून उठायचे, थोडा वेळ जागायचे आणि स्वप्न ओळखण्याचा निश्चय करून पुन्हा निजायचे. ती बऱ्याच जणांना लागू पडते, पण तिची दुसरी बाजू शिकवणारे सांगत नाहीत. झोप मुद्दाम तोडून निद्रा-पक्षाघात घडवून आणल्याचे प्रयोग झाले आहेत. म्हणजे स्वप्नात जागे होण्याचा हा रस्ता दडपणाच्या दारावरून जातो. ज्यांना दडपणाची भीती राहिलेली नाही, ते त्यातूनच स्वप्नात उतरतात. ज्यांना ती आहे, जे रात्रपाळी करतात किंवा ज्यांची परीक्षा महिन्यावर आली आहे, त्यांनी या गजराच्या वाटेला जाऊ नये.

वैद्यकीय बाजू : एखाद-दुसऱ्या वेळचे दडपण हा आजार नव्हे, आणि वेळेवर पुरेशी झोप घेण्यापलीकडे त्याला बहुधा उपचार लागत नाही. पण दिवसा बोलता-बोलता झोप कोसळणे, हसताना गुडघे किंवा मान ढिली पडणे अशी लक्षणे सोबत असतील तर नार्कोलेप्सी या झोपेच्या विकाराची शंका घ्यावी; तिच्यात मेंदूतले जाग टिकवणारे ओरेक्सिन हे द्रव्य कमी पडते. वयस्कर माणूस झोपेत लाथा-बुक्क्या मारू लागला, तर प्रकार नेमका उलटा असतो. तेथे अडसर उशिरा निघत नाही, तो लागतच नाही, आणि पुढे पार्किन्सनसारख्या आजाराची ती आधीची खूण असू शकते. दोन्ही बाबतींत मज्जाविकारतज्ज्ञाला दाखवावे आणि त्यांनी सांगितल्यास रात्रभराची झोप-तपासणी करून घ्यावी. जाताना घरच्या माणसाला सोबत न्यावे. झोपलेल्याचे हातपाय कसे चालतात, ते त्यानेच पाहिलेले असते.